भाडं कुठून आणायचं: ‘द फ्लोरिडा प्रोजेक्ट’मधल्या हॅलीचं प्रकरण

प्रकरण साधं आहे. विशीतली एक आई, तिची सहा वर्षांची पोरगी, हायवेवरच्या जांभळ्या मोटेलातली एक खोली, आणि डोक्यावर त्या खोलीचं भाडं. पोरीचा बाप कोण, कुठेय, मेलाय की पळालाय, सिनेमा एका शब्दानं सांगत नाही आणि आपल्यालाही शेवटपर्यंत ते विचारावंसं वाटत नाही. आईचं नाव हॅली, पोरीचं मूनी. सिनेमा ‘द फ्लोरिडा प्रोजेक्ट’, शॉन बेकरचा, २०१७ चा. बजेट साधारण २० लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं तेरा कोटींच्या आसपास. आपल्याकडे एवढ्यात तीन-चार मराठी सिनेमे उरकतात हे मान्य, पण अमेरिकेत विलेम डफोसारखा नट घेऊन आणि वर पस्तीस एमएमच्या रिळावर शूट करून एवढ्यात सिनेमा बसवायचा म्हणजे पोटाला चिमटाच.

मी सिनेमाच्या बजेटची कामं करतो, त्यामुळे लोकं स्क्रिप्ट वाचायला देतात, आणि एकट्या आईच्या गोष्टी त्यात भरपूर असतात. आई सोशिक असते, शिवणकाम किंवा पोळीभाजीचे डबे करत असते, रात्री मुलाच्या अंगावर पांघरूण घालते, कोपऱ्यात जाऊन डोळे पुसते. सगळं असतं, फक्त आकडा नसतो. घरात किती येतात, किती जातात, या महिन्यात नेमके किती कमी पडतायत असं विचारलं की लेखक म्हणतो, अहो ते फीलिंग महत्त्वाचंय ना. नाही हो. हॅलीच्या प्रकरणात फीलिंग आकड्यातूनच येतं, आणि हेच मला यातून दाखवायचंय.

आधी जागा समजून घेऊ, कारण तिच्याशिवाय यातलं काही कळत नाही. फ्लोरिडात ऑरलँडोच्या खाली किसिमी नावाचं गाव आहे, ओसिओला काउंटीत. तिथून डिस्ने वर्ल्डकडे जाणारा रस्ता म्हणजे यूएस १९२. डिस्ने वर्ल्ड १९७१ साली उघडलं, आणि टुरिस्ट येणार म्हणून या रस्त्यावर मोटेलांची रांगच लागली, प्रत्येकाचं नाव काहीतरी परीकथेतलं. सिनेमातल्या मोटेलचं नाव मॅजिक कॅसल, आणि ते खरोखरचं मोटेल आहे, सेट नाही. पुढे टुरिस्ट डिस्नेच्या आतल्या आणि जवळच्या चकाचक हॉटेलांत जायला लागले, रस्त्यावरची मोटेलं उतरणीला लागली, आणि ज्यांना भाड्याचा फ्लॅट मिळत नाही असे लोक तिथे आठवडा-आठवडा करून राहायला लागले. गंमत बघा, डिस्ने जेव्हा इथे जमिनी घेऊन पार्क उभं करायच्या तयारीत होता तेव्हा त्या कामाला ‘फ्लोरिडा प्रोजेक्ट’ म्हणत. आणि गरिबांसाठी सरकार बांधतं त्या घरांनाही अमेरिकेत लोक प्रोजेक्टच म्हणतात. एका नावात दोन्ही बसलं, बेकरनं ते फुकटात उचललं.

आता हिशोब. सिनेमात खोलीचा दर रात्रीला चाळीसेक डॉलर धरून चाला. आठवड्याचे २८०, महिन्याचे बाराशे. २०१६ मध्ये, म्हणजे शूटिंगच्या वर्षी, फ्लोरिडात किमान वेतन होतं तासाला ८.०५ डॉलर. आठवड्याला चाळीस तास काम मिळालं, एकही दांडी न मारता, तर ३२२ डॉलर. त्यातून २८० खोलीचे गेले की उरले ४२, टॅक्स कापायच्या आधी. बेचाळीस डॉलरमध्ये दोन माणसांचा आठवडा. आणि हे सुद्धा पूर्ण वेळ नोकरी असेल तर, पोरीला कुणीतरी फुकटात सांभाळत असेल तर.

मग एवढ्या पैशात फ्लॅट का नाही घेत भाड्यानं, असं कुणालाही वाटेल. बाराशेत छोटा फ्लॅट मिळूही शकतो. पण फ्लॅटवाला पहिल्या महिन्याचं भाडं, शेवटच्या महिन्याचं भाडं आणि डिपॉझिट असं सगळं आधी मागतो, वर क्रेडिट बघतो, म्हणजे आधीची उधारी नीट फेडलीय का ते, आधीच्या घरातून कुणी बाहेर काढलंय का ते बघतो, नोकरीचा पुरावा मागतो. तीन हजारांच्या वर रक्कम एकदम हातात पाहिजे. मोटेलला काय, आजचे चाळीस दिले की आज रात्रीची चावी. पुण्या-मुंबईत डिपॉझिट आणि एजंटचं ब्रोकरेज जमत नाही म्हणून कॉट बेसिसवर वर्षानुवर्षं काढणारी माणसं आपल्याला माहिती आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. गरिबाला महागाचं परवडतं कारण स्वस्तासाठी एकरकमी पैसे लागतात.

हॅलीकडे मुळात ते किमान वेतनही नाहीये. ती आधी स्ट्रिप क्लबमध्ये नाचायची, ते काम गेलंय, आणि काम गेल्यामुळे सरकारी मदतही अडकलीय. ही मदत म्हणजे ‘टॅनफ’, १९९६ मध्ये क्लिंटनच्या काळात जो वेल्फेअरचा कायदा बदलला त्यातून आलेली. त्यात अट अशी की मदत पाहिजे तर काम किंवा कामाशी संबंधित काहीतरी करून दाखवा, साधारण आठवड्याला तीस तास. म्हणजे काम नाही म्हणून पैसे पाहिजेत, आणि पैसे मिळत नाहीत कारण काम नाही. आणि मिळाले तरी किती? फ्लोरिडात दोन माणसांच्या कुटुंबाला जास्तीत जास्त २४१ डॉलर महिन्याला. मोटेलच्या दरानं सहा रात्री. बाकीच्या चोवीस रात्रींचं तुमचं तुम्ही बघा.

हे सगळं सिनेमात कुणी बसून समजावत नाही हं. मदत केंद्रातला सीन मिनिट-दोन मिनिटांचा असेल, हॅली त्या बाईशी बोलते, पोरगी शेजारी कंटाळून बसलेली. पण लिहिणाऱ्यांना, बेकर आणि त्याचा जोडीदार ख्रिस बर्गोक यांना, हे पाठ होतं हे पदोपदी जाणवतं. मूळ कल्पना बर्गोकची. त्याची आई त्या भागात राहायला गेली होती, तिच्याकडे जाता-येता या हायवेच्या कडेला खेळणारी पोरं त्याला दिसायची. नंतर दोघं तिथे जाऊन राहणाऱ्यांशी, मॅनेजर लोकांशी बोलत बसले. आपल्याकडे रेकी, म्हणजे शूटिंगआधी जागा बघून येणं, यात बघायचं काय तर लाईट कुठून येतो, व्हॅनिटी कुठे लावायची आणि जनरेटर कुठे ठेवायचा. यांनी रेकीत भाडं कधी भरतात ते विचारलं.

आता हॅली पैसे कसे आणते ते बघू, कारण सिनेमाची अख्खी गोष्ट त्यावर चालते. ती होलसेलमधून सेंटच्या बाटल्या घेते आणि महागड्या हॉटेलांच्या पार्किंगमध्ये टुरिस्टांना विकते. मूनी सोबत. सहा वर्षांची गोड पोरगी शेजारी उभी असली की गिऱ्हाईक थांबतं, हे दोघींनाही माहितीय. धंदा तसा बरा चाललाय. मग एक दिवस हॉटेलचा सिक्युरिटीवाला मागे लागतो, झटापट होते आणि बाटल्यांची पिशवी जाते. बघणाऱ्याला हा एक साधा तमाशा वाटतो, आरडाओरडा झाला, संपलं. पण हिशोबाच्या वहीत बघा, त्या क्षणी हॅलीचं भांडवल गेलं. माल परत घ्यायला पैसे नाहीत, माल नाही म्हणून पैसे नाहीत. भाजीवालीची हातगाडी उचलून नेली की तिचा एक दिवस नाही जात, पुढचा महिना जातो, तसंच.

आणि साधारण याच सुमारास दुसरी नळी बंद होते, ती खाण्याची. खालच्या मजल्यावर ॲशली राहते, तीही एकटी आई, तिचा पोरगा स्कूटी. ॲशली जवळच्या वॉफलच्या हॉटेलात काम करते आणि मागच्या दारानं मूनी-स्कूटीच्या हातात खाण्याची पार्सलं देते. हॅली स्कूटीकडे बघते, ॲशली खाणं पुरवते, असा न बोललेला करार. मग पोरं जवळच्या ओसाड पडलेल्या घरांमध्ये उद्योग करतात, आग लागते. ॲशलीला कळतं की यात आपलं पोरगं होतं, आणि ती घाबरते. हा भाग मला सगळ्यात खरा वाटतो. तिला हॅलीचा राग आलेला नाही, निदान आधी नाही, तिला भीती वाटलीय की पोलीस आले, बालकल्याणवाले आले तर आपलंही पोरगं जाईल. म्हणून ती स्कूटीला मूनीपासून तोडते, हॅलीशी बोलणं टाकते. पार्सलं बंद.

हॅलीला कारण कळत नाही आणि कळून घ्यायची तिची पद्धतही नाही, ती मूनीला घेऊन सरळ ॲशलीच्याच हॉटेलात गिऱ्हाईक म्हणून जाऊन बसते, ऑर्डर देते, मुद्दाम वात आणते. दोन एकट्या बायका, एकीच्या खोलीचं छत म्हणजे दुसरीच्या खोलीची जमीन, आणि एकमेकींचं वाकडं करतायत. आपल्याकडच्या सिनेमात अशा दोघी एका चाळीत असत्या तर शेवटी गळ्यात पडल्या असत्या. इथे एकीचं दुसरीला परवडत नाही म्हणून मैत्री तुटते. मला हे कुठल्याही खलनायकापेक्षा भयंकर वाटतं.

भांडवल गेलं, खाणं गेलं, आणि भाडं तर थांबत नाही. पुढे काय होतं हे सिनेमा ज्या पद्धतीनं सांगतो ते नीट बघण्यासारखं आहे. मूनी बाथटबमध्ये खेळतेय, गाणी मोठ्यानं लावलीत. बस, एवढाच शॉट. थोड्या वेळानं परत तसाच शॉट, परत ती टबात, परत गाणी. पहिल्यांदा आपण म्हणतो, पोरगी आंघोळ करतेय. दुसऱ्यांदा म्हणतो, हा काय फिलर आहे का. मग एकदा बाथरूमचं दार उघडतं आणि एक पुरुष आत येतो, त्याला टॉयलेटला जायचंय, त्याला माहितीच नाही की आत मूल आहे. मूनी पडद्याआड सरकते. बाहेरून हॅलीचा आवाज. तेव्हा लख्ख कळतं की गाणी मोठ्यानं का लावली होती, आणि आधीचे सगळे टबाचे शॉट पाठीमागे जाऊन बदलतात. एक अश्रू नाही, एक संवाद नाही, पार्श्वसंगीताची सारंगी नाही. खर्च किती? एक बाथरूम, एक लहान मुलगी, थोडी खेळणी. प्रोड्युसरच्या नजरेनं बघितलं तर सिनेमातले हे सगळ्यात स्वस्त सीन असतील.

तिथून उतरंड वेगानं लागते. एका गिऱ्हाइकाच्या सामानातून हॅली डिस्नेचे मनगटी पास उचलते, तेच पट्टे जे दाखवून पार्कात शिरतात, आणि बाहेर टुरिस्टला विकते. त्या काळात डिस्नेचं एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या वर होतं, तेव्हा चार पट्टे म्हणजे केवढी रक्कम हे तुम्हीच करा. तो माणूस पट्टे मागायला परत येतो. मॅनेजर बॉबी त्याला पिटाळतो, पण हॅलीलाही सांगून टाकतो की यापुढे खोलीत येणाऱ्या प्रत्येकाची खाली नोंद पाहिजे. म्हणजे हाही मार्ग बंद. त्यावर हॅली काय करते? आपलं वापरलेलं सॅनिटरी पॅड त्याच्या ऑफिसच्या काचेवर चिकटवते. बॉबीनं आत्ताच तिला वाचवलंय.

इथे बरेच प्रेक्षक तिच्या विरोधात जातात, मीही पहिल्यांदा गेलो असतो पण मग वाटलं, का? आपल्याला आईचं चारित्र्य प्रमाणपत्र आधी लागतं, मग दया. ‘श्यामची आई’ला १९५४ साली पहिलं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, आचार्य अत्रेंचा सिनेमा, आणि मराठी पडद्यावरची आई तेव्हापासून त्या मापानं मोजली जाते. ती आई गरीब आहे पण तिच्या तोंडून वावगा शब्द नाही. हॅली शिव्या देते, सिगारेटी ओढते, पोरीसमोर मारामारी करते, उपकाराची परतफेड पॅडनं करते. सिनेमा तिची बाजू घेत नाही आणि तिला फाडूनही खात नाही. तो एवढंच दाखवतो की मूनी उपाशी झोपलेली नाही, मूनीला आईनं हात लावलेला नाही, आणि जॅन्सी नावाच्या मूनीच्या मैत्रिणीचा वाढदिवस असतो तेव्हा हीच हॅली दोघींना लिफ्ट मागत घेऊन जाते आणि छोट्या केकवर मेणबत्ती लावून डिस्नेची आतषबाजी लांबून, बाहेरूनच दाखवते. तिकीट नाही तर काय झालं, आभाळ फुकट आहे. चांगली आई की वाईट आई हा प्रश्नच मग थोडा बावळट वाटायला लागतो.

बॉबीबद्दल थोडं. डफोनं केलाय आणि त्याला त्यासाठी सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं, सिनेमाला मिळालेलं ते एकमेव. बॉबी भाडं मागतो, लाईट दुरुस्त करतो, भिंती रंगवतो, पोरांच्या आसपास घुटमळणाऱ्या एका म्हाताऱ्याला गोड बोलत बोलत सोड्याच्या मशीनपर्यंत नेतो आणि मग हाकलतो. पण तो मालक नाहीये, नोकर आहे, आणि त्याला एक नियम पाळावाच लागतो: राहणाऱ्यांनी महिन्यातून एक रात्र खोली सोडायची. कारण सलग राहिलात तर तुम्ही पाहुणे न राहता भाडेकरू होता, आणि भाडेकरूला काढायचं तर कोर्टात जावं लागतं. पाहुण्याला काय, कुलूप बदललं की झालं. आपल्याकडे लीव्ह अँड लायसन्सचा अकरा महिन्यांचा करार जसा पिढ्यान्‌पिढ्या चाललाय, त्याचंच हे फार उघडं रूप. तर त्या एका रात्रीसाठी हॅली सामान उचलून शेजारच्या मोटेलात जाते, नेहमीचा ठरलेला दर देते, आणि तिथली नवी मालकीण म्हणते दर वाढलाय, दहा डॉलर जास्त. बॉबी स्वतः येतो, दहा डॉलर मी देतो म्हणतो. तरी नाही. दहा डॉलरवर एका पोरीची रात्र लटकते, आणि हा सीन सिनेमात जाता जाता येतो, अजिबात ताणत नाहीत.

असं मोटेलात राहण्यामुळे अजून एक विचित्र गोष्ट होते, ती सिनेमात नाही पण प्रकरणात महत्त्वाची आहे. अमेरिकेत १९८७ च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्यानं शाळा अशा मोटेलात राहणाऱ्या मुलांना बेघर धरतात, त्यामुळे त्यांना कागदपत्रं नसली तरी शाळेत घ्यावं लागतं. पण घरांची मदत देणाऱ्या केंद्रीय खात्याच्या व्याख्येत स्वतःच्या पैशानं मोटेलात राहणारं कुटुंब सहसा बेघर धरलं जात नाही. म्हणजे मूनी शाळेच्या रजिस्टरवर बेघर आणि घराच्या रांगेत मात्र नाही. चाळीस डॉलर भरण्याची धडपड जमली हाच तिच्या आईचा गुन्हा.

शेवटाकडे हॅली ॲशलीकडे जाते, माफी मागायला आणि भाड्यासाठी उसने मागायला. ॲशलीला तोवर कळलेलं असतं ती काय करते ते, ती तिला त्यावरून टोमणे मारते. हॅली तिला स्कूटीसमोर बेदम मारते. दुसऱ्या दिवशी बालकल्याण खात्याची माणसं चौकशीला हजर. फोन कुणी केला? सिनेमा सांगत नाही. बहुतेक जण ॲशलीचं नाव घेतात. मला वाटतं ते न सांगणंच बरोबर आहे, कारण एकदा नाव कळलं की सगळा राग त्या माणसावर काढून आपण मोकळे होतो आणि २४१ डॉलर विसरून जातो.

आता हे सगळं वीस लाख डॉलरमध्ये कसं बसवलं. बेकरकडे ही गोष्ट आधीपासून होती, पैसे मिळत नव्हते. मग २०१५ मध्ये त्यानं ‘टँजरीन’ केला, आयफोन ५एस वर शूट करून, खर्च एक लाख डॉलरच्या आसपास, आणि तो गाजल्यावर याला पैसे उभे राहिले. लोकांना वाटलं हाही फोनवर करणार, त्यानं उलट रीळ घेतलं. रंग बघितलात तर कळतं का ते, जांभळं मोटेल, अर्ध्या संत्र्याच्या आकाराचं दुकान, आईस्क्रीमच्या कोनाच्या आकाराचं दुकान, छपरावर भला मोठा जादूगार बसवलेलं गिफ्ट शॉप. हे सगळं त्या रस्त्यावर आयतं उभं आहे, आर्ट डायरेक्टरला कितीही पैसे दिले तरी असं बांधता आलं नसतं. कॅमेरामन ॲलेक्सिस झाबे, आणि कॅमेरा बऱ्याचदा पोरांच्या उंचीवर, त्यामुळे ही भंगार दुकानं राजवाड्यासारखी दिसतात. गरिबी दाखवायची म्हणून मळकट पिवळा-राखाडी रंग फासायची आपल्याकडे जी खोड आहे ती इथे नावालाही नाही.

पैसे गेले कुठे तर डफोवर आणि रिळावर, वाचवले कास्टिंगमध्ये. हॅली झालेली ब्रिया विनाइटे नटी नव्हतीच, बेकरला ती इन्स्टाग्रामवर दिसली. जॅन्सी झालेली व्हॅलेरिया कोट्टो टार्गेट नावाच्या मॉलसारख्या दुकानात सापडली. मूनीचं काम करणारी ब्रुकलिन प्रिन्स मात्र ऑडिशनमधून आली. मोठ्या हॉटेलच्या बुफेत दोघी दुसऱ्याच्या खोलीवर बिल टाकून नाश्ता करतात तो सीन बघा, कॅमेरा मूनीच्या तोंडावरून हलत नाही, ती खातेय आणि बडबडतेय, आणि हॅली तिच्याकडे बघतेय. तेव्हा आपल्याला कळलंय पुढे काय होणार, मूनीला नाही. सहा-सात वर्षांच्या पोरीकडून हे पाठांतरानं होत नाही, तिला मोकळं सोडावं लागतं आणि रीळ फिरत ठेवावं लागतं, म्हणजे पैसे जळत ठेवावे लागतात. बजेटवाला म्हणून सांगतो, सेटवर त्या वेळी कुणाच्या तरी पोटात गोळा आला असणार.

जे फुकट मिळालं तेही वापरलं. मोटेलच्या शेजारून टुरिस्टांना फिरवणारं हेलिकॉप्टर सारखं उडायचं, आवाज इतका की टेक वाया जायचे. थांबवायला पैसे नाहीत. मग ते सिनेमातच घेतलं, पोरं त्याला हात करतात, शिव्या घालतात. आपल्याकडे लोकेशनवर शेजारी कुणाच्या हळदीचा डीजे लागला की प्रोडक्शनचा माणूस पाकीट घेऊन पळतो, तेव्हा हे आठवावं.

मराठीत याच्या जवळचं काय असं विचारलं तर मी ‘एलिझाबेथ एकादशी’ सांगेन, परेश मोकाशींचा, २०१४ चा. पंढरपूर, विधवा आई, स्वेटर विणायचं मशीन कर्जात जप्त, ते सोडवायला ठरावीक रक्कम पाहिजे, म्हणून मुलाची लाडकी सायकल विकायची वेळ येते, आणि पोरं कार्तिकीच्या गर्दीत दुकान मांडतात. तिथेही आकडा आहे, मुदत आहे, आणि गर्दीच्या गावाची कमाई आहे. टुरिस्टांच्या लोंढ्यावर जगणारं किसिमी आणि वारकऱ्यांवर जगणारं पंढरपूर, दोन्हीकडे उत्सव दुसऱ्यांचा आणि हिशोब आपला. फरक हा की मोकाशींच्या घरात आजी आहे, शेजार आहे, गाव आहे. हॅलीकडे बॉबी आहे, आणि तो पगारी आहे.

शेवटावर मात्र माझं आणि बऱ्याच जणांचं पटत नाही. खात्याची माणसं मूनीला दुसऱ्या कुटुंबात न्यायला येतात, ती निसटते, जॅन्सीच्या दारात जाऊन रडते, आणि जॅन्सी तिचा हात धरून पळत सुटते, थेट डिस्नेच्या मॅजिक किंगडममध्ये. हा भाग आयफोनवर, परवानगी न घेता, गुपचूप पार्कात जाऊन शूट केलाय. अख्खा सिनेमा तालासुरात आणि अचानक कॅमेरा धावायला लागतो, चित्र बदलतं, संगीत येतं. काही म्हणतात फसवणूक आहे, काही म्हणतात पोरीच्या मनातलं आहे. मला विचाराल तर त्याची गरज नव्हती. जॅन्सीच्या दारातलं ते रडणं, पूर्ण सिनेमाभर टगेगिरी करणाऱ्या पोरीच्या तोंडून शब्द फुटत नाहीये, तिथेच प्रकरण बंद होतं. पुढचं पळणं म्हणजे बेकरला आपल्याला थोडं सांभाळून घ्यावंसं वाटलं. परवानगी मागितली असती तर डिस्नेनं दिली नसती हे उघड आहे, आणि दिली असती तरी त्याचं भाडं या बजेटमध्ये बसलं नसतं.

जगभरात सिनेमानं एक कोटी डॉलरच्या थोडं वर कमावलं. म्हणजे बुडाला नाही, पण कुणी श्रीमंतही झालं नाही. बेकर पुढे तशाच छोट्या बजेटमध्ये काम करत राहिला आणि २०२५ च्या ऑस्करला ‘अनोरा’साठी एका रात्रीत चार पुतळे घेऊन गेला, त्यात एडिटिंगचाही, कारण एडिटरचे पैसे वाचवायची सवय त्याला पहिल्यापासून आहे. तुम्ही एकट्या आईची स्क्रिप्ट लिहीत असाल आणि माझ्याकडे पाठवणार असाल तर पहिल्या पानावर तिचं महिन्याचं उत्पन्न आणि भाडं लिहून पाठवा, बाकीचं मग बोलू.